टिचकी

पहाटे ४.४०

शाळेच्या वर्गात झोपलं की जाग लवकर येते. फळ्यावर अर्धवट पुसलेला सुविचार, खाली गाद्यांची रांग आणि खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोरीवर वाळत घातलेली बँडेज. पंखा रात्रभर फुल्ल होता, तरी ती दमटच आहेत. राज्यस्तरीय स्पर्धेचा मुक्काम असाच असतो. तक्रार करायची झाली तर ती ऐकून घेणारा माणूस आधी शोधावा लागतो, म्हणून कुणी करत नाही.

आज माझ्या दोघांच्या बाउट आहेत. एक मुलगा, युथ गटातला, साडेत्रेसष्ट किलो. क्लबातली पोरं त्याला हातोडा म्हणतात. दुसरी मुलगी, ज्युनिअर, पन्नास किलो. ती टिचकी. ही नावं मी ठेवलेली नाहीत, पण बदलायलाही गेलो नाही, कारण दोन्ही बरोबर आहेत. हातोड्याचा उजवा पॅडवर बसला की माझा खांदा मागे जातो आणि रात्री कोपराला तेल चोळावं लागतं. टिचकीला पॅड देता देता मी पलीकडच्या पोराला ओरडू शकतो, दारातल्या माणसाला चहा सांगू शकतो.

आणि तरीही गेल्या वर्षभरात हातोडा सहा बाउट जिंकला, त्यातली एकच वेळेआधी संपली. टिचकी पाच जिंकली, त्यातल्या तीन वेळेआधी. हा हिशोब क्लबात कुणाच्याच गळी उतरत नाही. हातोड्याच्या तर मुळीच नाही.

सकाळी ६.१५

वजनाची रांग. मुली आतल्या खोलीत मॅडमबरोबर, मुलं व्हरांड्यात. काल रात्री नको नको म्हणत असताना हातोड्याने दोन ग्लास ताक जास्त ढोसलं होतं. काटा दाखवतो ६३.६. शंभर ग्रॅमसाठी त्याला जर्किन चढवून दोरीच्या उड्या मारायला पिटाळला. वीस मिनिटांत काम झालं. टिचकी ४९.२. वजनाची काळजी तिला कधी नसते, तिच्या आईला असते.

मग डॉक्टर. डोळे, रक्तदाब, हात. हातोड्याची उजवी मूठ त्यांनी जरा जास्त वेळ दाबून पाहिली. ‘‘दुखतं?’’ ‘‘नाही.’’ तो खोटं बोलतोय हे मला कळलं, डॉक्टरांना नाही. मी गप्प बसलो. हे लिहिताना बरं वाटत नाही.

७.३०

पोहे, चहा, आणि हातोड्याच्या हातात मोबाइल. त्याने व्यावसायिक बॉक्सरांची यादी काढलीय, नॉकआउटच्या टक्केवारीची. हा त्याचा आवडता विषय. दुसऱ्या पोरांना क्रिकेटचे स्ट्राइक रेट पाठ असतात तसे याला हे आकडे.

‘‘सर, हा जो कॅलझाघे बघा. ४६ लढती, ४६ विजय, ३२ नॉकआउट. आणि व्हिडिओत काय करतोय? थपडा मारतोय थपडा!’’

थपडा हा शब्द चपखल आहे. तिकडचे टीकाकारही त्याला हेच म्हणायचे. वेल्सचा हा डावखुरा. मुठी कायम दुखऱ्या, त्यामुळे ठोसा कितीदा तरी अर्धवट उघड्या ग्लोव्हने बसायचा. शिकवणारे वडील, एन्झो, मुळात गाण्याबजावण्यातले, स्वतः कधी बॉक्सर नव्हतेच. २००७ मध्ये कार्डिफच्या मोठ्या स्टेडियममध्ये त्याच्यासमोर पीटर मॅनफ्रेडो होता. तिसऱ्या फेरीत मॅनफ्रेडो दोरांना टेकला आणि कॅलझाघेने ठोशांची सरबत्ती लावली. त्यातला एकही ठोसा असा नव्हता की ज्याने माणूस आडवा व्हावा. पंचाने मध्ये पडून लढत थांबवली. घाई केली म्हणून बोंब झाली, आणि माझ्या मते ती थोडी खरीही होती. पण पंच ठोशाचं वजन करत बसत नाही. समोरून उत्तर येतंय का, एवढंच तो बघतो. उत्तर येत नव्हतं.

‘‘तो रकाना काय मोजतो ते आधी समजून घे,’’ मी म्हटलं. दहा आकडे मोजून होईपर्यंत जो उठला नाही तो त्यात. ज्याला पंचाने थांबवलं तोही त्यातच. ठोशाने भुवई फाटून रक्त डोळ्यात गेलं म्हणून डॉक्टरांनी थांबवलेला, कोपऱ्यातून टॉवेल आलेला, मधल्या मिनिटात स्टुलावरून उठलाच नाही तो, सगळे एकाच खात्यावर जमा. आपण आकडा वाचतो आणि डोळ्यांपुढे येतो तो एकच ठोसा आणि आडवा झालेला माणूस.

‘‘म्हणजे आकडा खोटा?’’

खोटा नाही. पण समोर कोण होतं हे त्यात नसतं. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत यूटाच्या लामार क्लार्कने सलग चाळीसहून जास्त जणांना नॉकआउट केलं. समोर आणलेले बहुतेक गावगन्ना गडी. मग एप्रिल १९६१ मध्ये लुइव्हिलला त्याची गाठ एकोणीस वर्षांच्या एका पोराशी पडली. दुसऱ्या फेरीत क्लार्क खाली. त्या पोराचं नाव कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली.

आपल्याकडचं उदाहरण पोरांना लवकर पटतं. विजेंदर सिंग बीजिंगला २००८ मध्ये कांस्य घेऊन आला तो गुणांवर लढणारा बॉक्सर म्हणून. २०१५च्या ऑक्टोबरात मँचेस्टरला तो व्यावसायिक झाला आणि पहिल्या सहाच्या सहा लढती वेळेआधी संपल्या. त्याचे हात काही रातोरात जड झाले नव्हते. पहिल्या लढतींना समोर कोण द्यायचं हे त्या धंद्यात विचारपूर्वक ठरतं. सातव्या लढतीत दिल्लीला केरी होप आला, तेव्हा पूर्ण दहा फेऱ्या खेळून गुणांवर जिंकावं लागलं. त्या रात्रीच्या विजेंदरचा मला जास्त आदर वाटतो.

टिचकी हे सगळं ऐकत होती. तिने पोह्यातले शेंगदाणे वेचून आधी खाल्ले आणि म्हणाली, ‘‘सर, लिंबू आहे का अजून?’’

९.४५

बाउटला वेळ आहे. पोरं वर्गात येरझाऱ्या घालतायत. अशा वेळी त्यांना कशात तरी गुंतवलेलं बरं, म्हणून मी दारापाशी गेलो. हा धडा मी दरवर्षी एकदा घेतो.

हातोड्याला म्हटलं, दार बिजागरीपाशी हात लावून ढकल. ढकललं, पण खांद्याचा जोर लावून. मग टिचकीला म्हटलं, कडीपाशी एका बोटाने ढकल. दार भिंतीवर आपटलं. हनुवटी म्हणजे कडीचं टोक. तिथे आडवा बसलेला ठोसा डोकं नुसतं मागे ढकलत नाही, गर्रकन फिरवतो, आणि आत मेंदू हिंदकळतो. कपाळावर याच्या दुप्पट जोराने मारलं तर आपलीच मूठ मोडायची.

आता दुसरा भाग. हातोड्याला दाराआड उभं केलं आणि सांगितलं, येतेय ती. टिचकीने ढकललं, दार हललं नाही. त्याने आतून पाय लावला होता. मानेचंही असंच आहे. ठोसा येताना दिसला की मान आपोआप आवळली जाते. न दिसलेल्या ठोशाला पाय लावायला कुणी नसतं, मग तो हलका असला तरी चालतो.

‘‘आणि तिसरं?’’ जुन्या पोरांना तिसरं माहीत असतं.

तिसरं म्हणजे रात्री लाइट गेल्यावर आपण अर्धवट उघड्या दारावर आपटतो ते. दार जागचं हललेलं नसतं. वेग आपलाच असतो. समोरचा पुढे येत असताना मध्ये ठेवलेला छोटासा उजवा म्हणजे असं दार. २५ मे १९६५ ला लुइस्टन नावाच्या गावात सोनी लिस्टन डाव्या जॅबमागे पुढे झुकला आणि अलीने वरून आखूड उजवा टाकला. लिस्टन पहिल्याच फेरीत खाली. प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांना तो ठोसा दिसलाच नाही, म्हणून त्याला भुताचा ठोसा असं नाव पडलं. लिस्टन मुद्दाम पडला असं म्हणणारे आजही भेटतात. खरं काय ते लिस्टन बरोबर घेऊन गेला. मी मात्र ती फिल्म इतक्या वेळा थांबवून थांबवून पाहिलीय की ठोसा बसला एवढं छातीवर हात ठेवून सांगेन.

अली हे या बाबतीत मोठंच कोडं आहे. त्याच्या हातात जॉर्ज फोरमनचं वजन नव्हतं, जो फ्रेझरचा डावा हुक नव्हता. तरी ५६ विजयांतले ३७ वेळेआधीचे, आणि त्या ३७ मध्ये लिस्टनही आहे, फ्रेझरही आहे, फोरमनही आहे. १९७४ मध्ये किन्शासाला फोरमन आला तो ४० विजय आणि ३७ नॉकआउट घेऊन. सात फेऱ्या तो दोरांना टेकलेल्या अलीला बडवत राहिला, दंडांवर, कोपरांवर, बरगड्यांवर. आठव्या फेरीत अलीच्या उजव्याने तो पडला. पण त्याला पाडलं कुणी? निम्मं काम त्याच्याच हातांनी आधीच करून ठेवलं होतं.

दुपारी १२.१०

हातोड्याची बाउट. फार लिहिण्यासारखं नाही. पहिल्या फेरीत वीस सेकंदांतच त्याचा उजवा बसला, समोरच्याला आठपर्यंत मोजलं, आणि तिथेच आमचं बिघडलं. एकदा गोड लागलं की माणूस तेच मागतो. पुढच्या दोन्ही फेऱ्या तो त्या एकाच ठोशाच्या मागे धावत होता. जॅब विसरला, पाय विसरला. मी कोपऱ्यातून घसा फोडून ओरडत होतो. तिसऱ्या फेरीत दोघंही एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभे. जिंकलो, ४–१. एक पंच आमच्या विरुद्ध गेला, त्याचं काही चुकलं नाही.

ग्लोव्ह काढताना त्याचा चेहरा वाकडा झाला. उजव्या मनगटाजवळ सूज.

अर्नी शेव्हर्सची गोष्ट मी त्याला मागे सांगितली होती. आतापर्यंतच्या सर्वांत जड हातांच्या हेवीवेटांत त्याचं नाव घेतात. सत्तरएक विजय आणि जवळजवळ सगळे नॉकआउट. २९ सप्टेंबर १९७७ ला न्यूयॉर्कला पस्तिशीतल्या, उतरणीला लागलेल्या अलीला त्याने हलवलं, पण पाडता आलं नाही. पंधरा फेऱ्या पूर्ण झाल्या आणि अली गुणांवर जिंकला. शेव्हर्स कधीच जगज्जेता झाला नाही. आता ती गोष्ट पुन्हा सांगायची वेळ नव्हती. बर्फ आणायला पाठवलं.

३.३०

व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची उलटी ठेवून टिचकी तिच्यावर बसलीय, दोन्ही हात पाठीच्या लाकडावर. मी बँडेज बांधतोय. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग तळव्यावरून मुठीच्या हाडांवर, बोटांच्या बेचक्यांतून एकेक फेरा, पुन्हा मनगट. ‘‘मूठ आवळ. सोड. घट्ट आहे?’’ ‘‘नाही.’’ तिच्या मुठीची हाडं दिसतात न दिसतात अशी. बोटं पोळ्या लाटणाऱ्या मुलीची, आणि ती घरी पोळ्या लाटतेही. दोन वर्षांत या हातांना एकदाही बर्फ लागलेला नाही.

आली तेव्हा सहा महिने मी तिच्या ठोशात जोर आणायचा प्रयत्न केला. मेडिसिन बॉल, पुशअप्स, जड बॅग. काडीचा फरक पडला नाही. ती माझी चूक, तिची नव्हे. मग मला मामा आठवला. मामा सांगलीकडच्या तालमीतला, कुस्तीच्या फडावर तीस वर्षं काढलेला. त्याच्या काळी मोठी कुस्ती निकाली असायची, म्हणजे चीत होईपर्यंत, तास झाला तरी. तो सांगायचा की पुढचा ताकदीचा असेल तर त्याला उचलायला जायचं नाही. मानेवर हात ठेवायचा आणि काढायचा नाही. वजन त्याच्यावर टाकून चालत राहायचं. अर्ध्या तासाने डावसुद्धा लागत नाही, गडी आपसूक खाली बसतो.

तेव्हापासून टिचकीला मी जोराचं काही सांगत नाही. समोरच्याला उसंत द्यायची नाही, एवढंच. आणि एक जागा: कोपराच्या आत, उजव्या बरगडीच्या खाली. तिथे यकृत असतं. डावा हुक तिथे नेमका शिरला की डोकं शाबूत राहतं, सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि पाय मात्र ऐकत नाहीत. रक्तदाब झपकन उतरतो. बर्नार्ड हॉपकिन्सने २००४ मध्ये लास वेगासला ऑस्कर डे ला होयाला नवव्या फेरीत असाच बसवला. डे ला होया गुडघ्यांवर, मुठी आपटत, आणि उठता येत नाही. हॉपकिन्सला कुणी कधी जड हाताचा म्हटलं नाही. ५५ विजय, ३२ वेळेआधी.

४.२५

तांबडा कोपरा आमचा. निळ्या कोपऱ्यातली मुलगी टिचकीपेक्षा चार बोटं उंच, खांदे भरलेले. तिच्या कोपऱ्यात पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त सुभेदार. स्पर्धांना नेहमी भेटतात.

मी माझ्या पोरीकडे बघत नाही. ती काय करणार ते मला पाठ आहे. मी समोरचीचं तोंड बघतो.

पहिली फेरी. टिचकी मारत नाहीच म्हणा ना, नुसती हात लावतेय. जॅब ग्लोव्हवर, जॅब कपाळावर, एक दंडावर, आणि डावीकडे एक पाऊल. समोरची वळते, पाय लावते, मारायला हात मागे नेते, तेवढ्यात पुन्हा ग्लोव्हवर टिचकी आणि पुन्हा एक पाऊल. दर वेळी पाय नव्याने लावावे लागतात. दर वेळी मान आवळावी लागते, कारण येणारा ठोसा हलका आहे हे आधी कळत नाही. दीड मिनिटाला समोरचीच्या ओठांत फट पडली आणि पांढरा टीथ गार्ड दिसला. दम नाकातून तोंडाकडे आला. मला हेच हवं होतं.

मधलं मिनिट. तोंड धुवून घे, थुंक, लांब श्वास. मी तीनच शब्द बोलतो, जास्त बोललं तर त्या मिनिटात काही शिरत नाही. ‘‘खाली. डावा. बाजूला.’’

दुसरी फेरी. पहिला डावा कोपरावर बसला, दुसराही. तिसरा आत गेला. आवाज आला नाही. समोरचीचा उजवा कोपर इंचभर खाली आला आणि मग तिथेच राहिला. आता वरचं दार उघडं. जॅब, उजवा, जॅब, एकही असा नाही की ज्याने उशीला खळगा पडावा, पण तिन्ही नाकावर आणि तिन्ही न बघता घेतलेले. रेफरीने मध्ये हात घातला आणि मोजायला लागला. आठला मुलगी हात वर करून तयार.

तिसऱ्या फेरीत माझं लक्ष मुलीवरून रेफरीवर गेलं. ती मागे जात होती, हात वर होते, परत काही येत नव्हतं. रेफरी एक पाऊल जवळ सरकला. टिचकी तशीच, तालात, दोन वर एक खाली. मला वाटलं आता थांबवणार. तेवढ्यात दोरांवरून टॉवेल आत आला. पांढरा, कोपऱ्यात कुठल्याशा लॉजचं नाव छापलेला. टिचकीला तो दिसला नाही. ती आणखी एकदा बाजूला सरकली आणि समोर रेफरी बघून दचकली.

निकाल जाहीर झाल्यावर ती रिवाजाप्रमाणे निळ्या कोपऱ्यात गेली, हात मिळवायला. सुभेदारांनी तिच्या हेडगार्डवर टपली मारली. पत्रकावर नोंद झाली एबीडी, म्हणजे समोरच्या कोपऱ्याने सोडली. क्लबातली पोरं मात्र तिला नॉकआउटच म्हणणार. व्यावसायिक असती तर रकान्यात तेच आलं असतं.

५.४०

नळावर सुभेदार भेटले. टॉवेल पिळत होते.

‘‘साहेब, लवकर टाकलात.’’

‘‘लवकर न्हाय. येक मिन्ट उशीर झाला.’’ टॉवेल झटकून त्यांनी खांद्यावर टाकला. ‘‘मार काय मोठा न्हवता वो. तुमची पोरगी काय दगड मारत न्हाय. पन आमची बघायची थांबली. डोळं उघडं, आन बघंना. मंग कशाला ठिवायची तितं?’’

यावर मला बोलता आलं नाही.

युक्रेनच्या वासिल लोमाचेंकोचे चार प्रतिस्पर्धी ओळीने असे संपले. नोव्हेंबर २०१६ मध्ये निकोलस वॉल्टर्स सातव्या फेरीनंतर पुढे खेळायला तयार झाला नाही. एप्रिल २०१७ मध्ये जेसन सोसाला नवव्यानंतर कोपऱ्याने थांबवलं, ऑगस्टमध्ये मिगेल मारियागाला सातव्यानंतर. डिसेंबरात गिलेर्मो रिगोंदो, ज्याच्या नावावर ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं, तो सहाव्यानंतर स्टुलावरच बसून राहिला. हात दुखावला म्हणाला. यातल्या कुणालाही स्ट्रेचरवर न्यावं लागलं नाही. प्रत्येक ठोशाला त्यांना फक्त वेगळ्या बाजूला वळावं लागलं, आणि कधीतरी त्यांनी वळायचं सोडलं. पोरांना मी हे कौतुकाने दाखवतो. स्टुलावर बसलेल्या माणसाचा चेहरा मात्र मी पोरांना दाखवत नाही, पुढे ढकलतो.

कारण याची दुसरी बाजूही आहे. १७ मार्च १९९०, लास वेगास. मेल्ड्रिक टेलर, १९८४चा ऑलिंपिक विजेता, जगातल्या सर्वांत वेगवान हातांचा. समोर मेक्सिकोचा ज्युलियो सेझार चावेझ. चावेझ एका ठोशाचा गडी नव्हता. पोटात, बरगड्यांत, गालफडावर, मोजून, सावकाश, बारा फेऱ्या. तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर टेलर पुढे होता. शेवटच्या फेरीत तो पडला, उठला, आणि रेफरी रिचर्ड स्टीलने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. दोन सेकंद उरले असताना स्टीलने लढत थांबवली. त्या दोन सेकंदांवर आजही भांडणं होतात. मला सेकंदांत रस नाही. टेलरच्या चेहऱ्याचं हाड मोडलं होतं, गिळलेलं रक्त पोटात साचलं होतं, आणि हे सगळं तो जिंकत असताना झालं होतं. नंतर तो पुन्हा एकदा जगज्जेता झालाही, पण त्या रात्रीच्या आधीचा टेलर परत दिसला नाही.

एका ठोशात पडणं वाईटच, पण तिथे मार थांबतो. हलक्या हाताचा नॉकआउट म्हणजे दोनशे ठोसे, आणि ते मोजायला कुणीतरी शुद्धीवर लागतं. ते सुभेदार होते म्हणून बरं. माझ्या पोरीला कुठे थांबायचं ते मी शिकवलेलं नाही, कारण ते तिचं काम नाही. मग कुणाचं? नियम सांगतो रेफरीचं, डॉक्टरचं, पलीकडच्या कोपऱ्याचं. सकाळी एका डॉक्टरसमोर मी गप्प बसलो होतो, त्यामुळे या बाबतीत मी फार मोठ्याने बोलू नये.

७.१५

डॉक्टरांना शोधून काढलं आणि हातोड्याचं मनगट दाखवलं. सकाळचंही सांगितलं. ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, उद्या खेळणार नाही, परवा एक्स-रे. हातोडा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसला तो पाठ करून. डाव्या हाताने चमच्याने भात खात होता, आणि टिचकी काही न बोलता त्याच्या ताटातली भाकरी मोडून देत होती.

रात्री ९.३०

बँडेज धुऊन पुन्हा दोरीवर. मोबाइलवर उद्याच्या सेमीफायनलमधल्या मुलीची कालची बाउट आहे, एका पालकाने गॅलरीतून काढलेली. चित्र हलतं, मध्येच कुणाचं तरी डोकं येतं. पोरगी डावखुरी. हातात विशेष जोर नाही, पायात आहे. पहिली फेरी पाहिली, दुसरी पाहिली. तिसरीचा शेवट मी तीनदा मागे नेऊन पाहिला, पडदा डोळ्यांजवळ धरून. घंटा वाजली तेव्हाही तिचं तोंड मिटलेलं होतं.